चुडाव्याच्या टोळीचा मुकादम

मुकादमानं नेमकं करायचं काय आसतं, हे आमच्या मालकाला आखरीपस्तोर कळलं न्हाई. आन् मुकादमी तर त्यायनी म्हातारे व्हईस्तोवर केली. हसू नका, मी थट्टा न्हाई करायलेय. चुडाव्यात लोक त्यायला लिंबाजी मुकादम म्हणायचे. हे लोकायनी घेतलेलं नाव सांगायलेय बरं का, म्या न्हाई घेतलं.

निजामाचं राज व्हतं तवाची गोष्ट. पूर्णेहून रेल्वेलाईन चुडाव्याकडं येते, तितं टेसनाच्या अलीकडं गँगची चाळ व्हती. लाईन सांभाळणारी टोळी तितं ऱ्हायची, बायका-लेकरायसगट. आमच्याकडची काळी माती तुमाला ठाव हाय. पाऊस पडला की फुगती, उन्ह पडलं की भेगाळती, मंग तिच्यावर टाकलेले रूळ एका जागी कसे ऱ्हातील? ते सरकले की टोळीनं पहारी लावून परत जाग्यावर आणायचे, खाली खडी भरायची. म्होरच्या पावसात पुन्हा तेच. खडी वाहायला आमी बाया आसायचो. म्हणून मी सांगायलेय ते ऐकीव न्हाई, डोक्यावर घमेलं घेऊन पाह्यलेलं हाय.

रूळ सरकवायची एक रीत आसती. सगळे गडी रांगंनं पहारी रुळाखाली खुपसून उभे ऱ्हायचे. मुकादम मातर त्यायच्यात नसायचा. तो लांब जाऊन, रुळाच्या सरळीत डोळा लावून उकिडवा बसायचा आन् हातानं दाखवायचा, आजून हिकडं, आजून उलीसं, बास. त्यानं हाळी दिली की सगळ्यायनी एकदम जोर करायचा. आमचे जुने मुकादम व्यंकटराव दिवसभर आसेच बसायचे. डोक्यावर काळी छत्री, गालात तंबाखू आन् जिभंवर शिव्या. सगळ्यात जास्ती शिव्या चंद्रभानदादाला. "आरं ए चंद्रभान, बायकूनं भाकर वाढली न्हाई का रं? सरक, त्या लिंबाजीच्या आन् बन्सीधरच्या मदी उभा ऱ्हा, म्हंजी तरी लाज वाटंल!" टोळी माघारी म्हणायची, म्हातारं बसून खातंय. आमचे मालक तर चुलीम्होरं बसून रोज ऐकवायचे, "मी मुकादम झालो आसतो ना, तर आसा बसलो नसतो."

देवानं ऐकलं की वं माय! व्यंकटराव नौकरीतून उतरले आन् पूर्णेला लेकाकडं ऱ्हायला गेले. ट्रॉलीवर बसून लाईन तपासणारे साहेब आले आन् त्यायनी बोट केलं ते नेमकं आमच्या मालकाकडं. कामून? तर म्हणे टोळीत सगळ्यात जास्ती काम ह्योच करतो. करायचेच. त्यायनी पहार लावली की रूळ हालला म्हणूनच समजा.

त्या दिवशी चंद्रभानदादानं सगळ्या चाळीत गूळ वाटला. आता हा चंद्रभानदादा कोण, तर ना रक्ताचा ना भावकीतला. पण आमचे मालक गावाकडून उपाशी आलते, तवा त्यायला हाताला धरून साहेबाम्होरं उभं केलं ते त्यानं. पहार कशी धरायची, कंबर कशी वाकवायची, सगळं त्यानं शिकवलं. त्याची बायकू मनकर्णा माजी मानलेली जाऊ, मी तिला बाई म्हणायची, ती मला कडू. आमच्या दोघींच्या खोल्यायची भीत एकच. तिकडं तिनं मिरच्या भाजल्या की हिकडं मी ठसकायची, आन् हिकडून मी शिव्या दिल्या की तिकडं ती हसायची.

तर मुकादमीचा पयला दिवस. टोळी रांगंनं उभी राह्यली आन् आमचे मालक लांब जाऊन बसायचं सोडून रांगंच्या टोकाला येऊन पहार खुपसून उभे! तितूनच हाळी दिली, "उचल रं गड्या!" सगळे आ वासून बगायले. बन्सीधर लय तोंडाळ, तो म्हणला, "मुकादम, तुमी हितं?" हे म्हणले, "मंग कुटं? तुमी घाम गाळायचा आन् म्या सावलीत बसायचं? मला न्हाई जमायचं ते." टोळी एवढी खूष झाली! आसा मुकादम पाह्यजे, आपल्यातला माणूस. मलाबी लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? डोक्यावरचं घमेलंसुदा हलकं लागायलतं.

आन् घोडं तितंच पेंड खायलतं. चुडाव्याच्या अलीकडं एक नाला हाय, त्याच्या पुलापाशी लाईनीला वळण हाय. पाऊस लागला तसं ते वळण बिघडलं. टोळीनं सरकवलं, खडी भरली. ट्रॉलीवरून साहेब आले तर त्यायची टोपी उडून नाल्यात! ट्रॉली हेलपाटलीच तशी. परत सरकवलं, परत तेच. कुटं पोट निगायचं, कुटं खड्डा पडायचा. एवढे रेडे एवढा जोर लावायलेत आन् रूळ वाकडाचा वाकडा.

साहेब खाली उतरले. मी बांदावर खडी भरायलते, समदं ऐकलं.

"लाईन कौन देखा?"

"साब, सबने मिलके किया," हे म्हणले. "मैं भी किया."

"तुम कायकू किया? तुमको काम करनेकू रखा क्या?"

आमच्या मालकाचं तोंड बगायसारकं झालतं. साहेबानं मंग सगळ्यायम्होरं सांगितलं, पोळ्यापस्तोर हे वळण नीट झालं न्हाई, तर ही टोळी मोडतो. कोणाला हिंगोलीच्या लाईनीवर, कोणाला मुदखेडकडं, जिकडं जागा आसंल तिकडं फेकतो, आन् हितं दुसरी माणसं आणतो.

चाळीत त्या दिवशी कोणाच्या चुलीवर धड काही शिजलं न्हाई. तुमाला वाटंल, बदलीच ती, त्यात काय एवढं? आवो, बन्सीधरची माय आंधळी व्हती. चाळीच्या भितीला हात लावत हौदापस्तोर एकटी जायची, कोणाच्या दारात कोणतं लेकरू रडायलंय हे आवाजावरून सांगायची. तिला नव्या जागी नेऊन कुटं सोडायचं? आमी सगळे असेच, येकमेकाच्या भितीला हात लावून जगायलतो. आमचे मालक बन्सीधरच्या मायला म्हणले, "माय, मी हाय तवर ही टोळी फुटू देणार न्हाई." म्हणले खरं, पण घरात आल्यावर भाकर म्होरं घेऊन बसले आन् मलाच इचारायले, "आगं, काम करू नको म्हणतो आन् काम झालं न्हाई म्हणूनबी वराडतो. म्या करावं तरी काय?"

मला काय ठाव? मी काय मुकादमीन हाय? म्या म्हणलं, "आवो, लोकायला इचारा." ती माजीच अक्कल. म्होरल्या दिवशी त्यायनी सगळ्यायला गोळा करून इचारलं. एक म्हणला आदी खडी उकरा, एक म्हणला आदी रूळ सरकवा, बन्सीधर म्हणला नाल्याच्या मरीआईला नारळ फोडा. मालकायनी सगळ्यायचं थोडं थोडं ऐकलं. आरदी खडी उकरली, आरदा रूळ सरकवला, नारळबी फोडला. दोन गडी येकमेकाच्या गचांडीला धरून भांडले ते वेगळंच.

मंग त्यायनी ठरवलं, आपणच कमी पडायलोय. झालं! सकाळी सगळ्यायच्या आदी जाऊन हत्यारं काडायचे, पाणी भरून ठिवायचे, जो दमला त्याच्या जागी उभे ऱ्हायचे. कोणी खोकलं तरी हे पळायचे. टोळी काय, आयतं मिळायलंय म्हणल्यावर सुस्तावली. बन्सीधर बुडाखाली फावडं घेऊन तंबाखू मळत बसायचा. म्या म्हणलं, "आरं उठ की मेल्या!" तर म्हणतो, "वैनी, मुकादम हाय की." मला आसा संताप आला, घमेलं त्याच्या टाळक्यात घालावं वाटलं.

शिव्याबी देऊन पाह्यल्या त्यायनी, व्यंकटरावावानी. आदी घरात सराव केला, मी चुलीपाशी बसून ऐकायलते. लाईनीवर जाऊन छाती फुगवली आन् वरडले, "आरं ए... ए शहाण्या!" फुडचं सुचंनाच. सगळी टोळी पोट धरून हसली, आन् सगळ्यात जास्ती हेच हसले. असलं माणूस मुकादम! मला हसूबी यायचं आन् घरी येऊन रडूबी यायचं.

आखरीला बाजाराच्या दिवशी आमी दोघं पूर्णेला व्यंकटरावाकडं गेलो. म्हातारं वट्यावर बसून दाढी खाजवायलतं. मालकायनी पाय धरले आन् इचारलं, "मामा, तुमी नेमकं काय करायचाव?"

"बसायचो."

"आन्?"

"बगायचो."

"काय बगायचाव?"

"आरं, बसल्यावर दिसंल तुला. जा, बस, बग." आन् घरात तोंड करून म्हणले, "सूनबाई, च्या टाका वं." यावर काय समजायचं माणसानं? वाटंनं मालक म्हणले, "म्हाताऱ्याला आपल्याला काही सांगायचंच न्हाई." मलाबी तसंच वाटलं.

पण पोळा जवळ आलता, आन् दुसरा इलाज न्हवता. पोळ्याच्या आदल्या दिवशी हे खरंच लांब जाऊन बसले. कसे, तर बुडाखाली काटे आसल्यावानी. चारदा उठले, चारदा बसले. मंग एकदाचा रुळावर डोळा लावला आन् हाळी दिली. मी नाल्याच्या बाजूनं घमेलं घेऊन यायलते, त्यायचं तोंड मला समोरून दिसायलतं. पयल्यांदा तोंडावर नुसता गोंधळ. मंग मान पुढं काडली. परत हाळी दिली, परत पाह्यलं. तेवढाच रूळ उगं पुन्हा पुन्हा सरकवायला लावला त्यायनी, जसं काही दिसायलंय ते खोटं निगावं. आन् मंग हात खाली सोडले.

म्या वळून पाह्यलं, हे बगायलेत तरी काय? सगळ्यायच्या पहारी जोर लागला की थरथरायच्या, गड्यायच्या मानंच्या शिरा फुगायच्या. चंद्रभानदादाची पहार सगळ्यायसंगं खाली जायची, सगळ्यायसंगं वर यायची, तोंडबी तसंच वाकडं व्हायचं. पण पहारीवर भारच न्हवता. त्याचा खांदा कामातून गेलता. तो नुसता पहार धरून वाकायचा. जितं तो उभा, तितं रूळ सरकायचाच न्हाई, आन् आजूबाजूला जास्ती सरकायचा. म्हणून ते पोट आन् म्हणून तो खड्डा.

आता ऐका, हितं आमच्या मालकायनी काय केलं. आमच्या चाळीत एक रीत व्हती. ज्याची त्याची पहार वेगळी, दसऱ्याला तिला हळद-कुंकू लावायचं, आन् दुसऱ्याच्या हातातली पहार कवाच काडून घ्यायची न्हाई. माणूस मेला तरच त्याची पहार दुसरा उचलतो. हे मालकाला ठाव न्हवतं का? ठाव व्हतं. पण जीव भरून आला की त्यायला काही सुचत नसे. ते उठले, सगळ्या रांगंम्होरून चालत गेले आन् चंद्रभानदादाच्या पायावर डोकं ठिवलं. डोळ्यात पाणी. म्हणले, "दादा, तुमी माज्यासाठी लय केलं. तुमचा खांदा गेलाय, मला आजवर दिसलं न्हाई. आता तुमी बसा. तुमच्या वाटचं आमी करतो." आन् त्याच्या हातातली पहार काडून बाजूला ठिवली.

दादानं मोकळ्या हाताकडं जरा येळ पाह्यलं आन् बाभळीखाली जाऊन बसला. मालकाला वाटलं, मान दिला. मनापासून सांगते, मलाबी मानच वाटला. मी पदरानं डोळे पुसले.

त्याच दिवशी वळण सरळ झालं. मालक लांबून बगायले, बन्सीधरला मदी घेतला, दोघायला टोकाला पाठवलं, आन् रूळ कसा पाण्यावानी आला जाग्यावर. साहेब ट्रॉलीवरून गेले ते थांबलेसुदा न्हाईत, नुसती मान हालवली. जीव भांड्यात पडला आमचा. बन्सीधरच्या मायनं मालकाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

पोळ्याच्या सकाळी मी पुरणाचं वाटण घेऊन बाईच्या दारात गेले, तर खोली झाडून काडलेली. बाई गाठोडं बांदायलती.

"बाई, हे काय? कुटं निगालाव?"

"गावाकडं."

"आवो, टोळी न्हाई ना मोडली! सगळे हितंच ऱ्हायलेत की!"

तिनं गाठ आवळली. "कडू, पहार कवा काडतेत हातातून?"

माज्या हातातलं वाटण तसंच राह्यलं. म्या म्हणलं, "आवो बाई, त्यायनी मायेनं केलं."

"मायेनंच केलं. म्हणून तर त्याला शिवीबी देता येईना." मंग तीच रडायली. म्हणली, "दोन वरसं झाले खांदा गेल्याला. मी रोज शेक द्यायची आन् देवाला म्हणायची, कोणाला दिसू देऊ नको." भितीच्या हिकडं मी, तिकडं ती, आन् मला पत्ता न्हाई!

मालक टेसनापस्तोर पळत गेले. दादानं त्यायच्या पाठीवर हात फिरवला, गाडीत चढला आन् निगून गेला. दादा रागवला का न्हाई, हेबी ह्यायला कळलं न्हाई. घरी येऊन मला तेच इचारायले, "रागवला आसता तर पाठीवर हात कामून फिरवला आसता?"

म्होरल्या बाजारी पुन्हा व्यंकटरावाकडं. हे म्हाताऱ्यावरच भडकले. जन्मात पयल्यांदा मी त्यायला वरडताना पाह्यलं.

"मामा, तुमाला दादाचा खांदा ठाव व्हता का न्हाई?"

"ठाव नसाया काय झालं! दोन वरसं पाह्यलाय म्या."

"मंग?"

"मंग काय? तुज्या आन् बन्सीधरच्या मदी उभा केला व्हता ना त्याला? तुमा दोघायच्या जोरात त्याचं भागायचं. तुला कळायचं न्हाई, तू आडदांड. आन् कोणाला संशय येऊ नये म्हणून त्यालाच जास्ती शिव्या द्यायचो. टोळी हसायची, मला म्हातारं म्हणायची. म्हणू दे." म्हाताऱ्यानं तंबाखू थुंकली. "तू मुकादम झालास, त्याच्या शेजारून हाललास. तितं दुसरा दांडगा गडी उभा करायचा, एवढंच काम व्हतं."

"मंग मागं आलतो तवा सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं की. बग म्हणलं व्हतं. बोल म्हणलं न्हवतं."

मला त्या म्हाताऱ्याचा आसा राग आला! आरं, मर मेल्या, सरळ सांगाया काय झालतं? पण सरळ सांगितलं आसतं तरी आमच्या मालकाच्या पोटात राह्यलं आसतं का, हे मी आजबी छातीवर हात ठिवून सांगू शकत न्हाई.

आमी तसंच चंद्रभानदादाच्या गावाला निगालो. परभणीपस्तोर गाडी, म्होरं गंगाखेडच्या वाटंनं एकाच्या बैलगाडीत. नदीकाठचं लहानसं गाव. दादा भावाच्या वट्यावर बसून शेंगा फोडायलता, एकाच हातानं. आमाला बगून बाई आत गेली आन् पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती मला बिलगली, म्हणून मला वाटलं झालं, आता येतील माघारी.

मालकायनी सगळं सांगितलं, व्यंकटरावाचं, शिव्यायचं, सगळं. आन् हात जोडून म्हणले, "दादा, चला. माजं चुकलं. कोणाला काही दिसणार न्हाई आसं करतो."

दादानं शेंग बाजूला ठिवली. "आरं, आता समद्यायनी पाह्यलंय. बरं, आलो समज. मला उभा कुटं करशील?"

"माज्या शेजारी. पयल्यावानी."

दादा हसला. वाईट न्हाई हसला, लेकराला हसावं तसं. म्हणला, "लिंबाजी, येड्या, तू आता लांब बसतोस. तुज्या शेजारी कोण उभा ऱ्हाणार? तितं जागाच न्हाई कोणाला."

बाईनं आमाला भाकरी बांदून दिल्या, शेंगा दिल्या, गावाच्या शिवंपस्तोर चालत आली. दादा वट्यावरच बसून राह्यला.

परभणीला आमी चुडाव्याच्या गाडीत बसलो. गाडी हालल्यावर मालक माज्याकडं वळून म्हणले, "आगं, टोळी तर फुटली न्हाई ना?"

म्या म्हणलं, "न्हाई फुटली." आन् पदर तोंडाला लावून खिडकीभाईर बगत बसले.